चाकांना मनाई

शहरातल्या त्या मोठ्या दौडीच्या दिवशी मैदानाच्या दाराशी एक लांबलचक फलक उभा करतात. दौड कशी जन्मली, कशी वाढली, हे त्यावर रंगीत चित्रांतून सांगितलेलं असतं. पहिल्या चित्रात एका कंपनीचे बडे साहेब हिरवा झेंडा हलवताना दिसतात. म्हणजे दौड तिथून सुरू झाली, असं वाचणाऱ्याने समजायचं. प्रत्यक्षात त्याआधी कितीतरी वर्षं ती चालू होती. बेंगळूरूच्या यशवंतपुरात, बाजारात येणाऱ्या कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढत. ती कुणी सुरू केली आणि कशासाठी, हे मला ठाऊक आहे, कारण ती आमच्या घरातून सुरू झाली.

आमचं घर म्हणजे माझं सासर. ही मंडळी कैक पिढ्यांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आली आणि इथलीच होऊन गेली. घरात बोलतात मराठीच, पण त्यातले निम्मे शब्द कन्नड. मी निपाणीची, मला दोन्ही भाषा येतात, तरी लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस सासूबाई कुठल्या भाषेत रागावतायत हे मला पटकन कळायचं नाही. थोरल्या दिरांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची आणि जाऊबाईंना अक्का. मीही तेच म्हणायला लागले. आमचे हे बदलीच्या नोकरीत, निम्मं आयुष्य हुबळी-गुलबर्ग्यात गेलं. त्यामुळे सासूबाईंनंतर मी, अण्णा, अक्का, त्यांची मुलगी आणि माझा मुलगा, एवढंच खरं घर.

मुलीला आम्ही थोरली म्हणायचो आणि माझ्या मुलाला धाकटा. थोरलीला सेरेब्रल पाल्सी. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाय कडक, मान डुगडुगती, हात आपल्या मनाने कुठेही जायचे. बोलणं नाही. पण समजायचं सगळं. आनंद झाला की ती घशातून एक लांब आवाज काढायची, टिटवीसारखा. पाहुणे दचकायचे. आम्हाला तो आवाज ऐकला की बरं वाटायचं.

अण्णा यशवंतपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. कारखान्याच्या संघातून तरुणपणी धावले होते, आणि संघ मोडला तरी त्यांनी पहाटेचं धावणं सोडलं नाही. थोरली झाल्यावर काही वर्षं ते एकटे धावत. मग एक दिवस टूलरूमच्या मित्रांना हाताशी धरून त्यांनी एक गाडी बनवली. मागे सायकलची दोन चाकं, पुढे एक लहान चाक, मध्ये लोखंडी नळ्यांची खुर्ची आणि तिच्यावर काथ्याची गादी. छातीभोवती रुंद पट्टा. त्या गाडीत थोरलीला बसवून अण्णा धावायला लागले. वारा तोंडावर आला की थोरलीचा टिटवीचा आवाज सुरू व्हायचा आणि गल्लीला कळायचं, बापलेक निघाले.

थोरली ज्या केंद्रात व्यायामाला जायची ते बाजाराच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या दोन शेडमध्ये होतं. निवृत्त झालेल्या एक डॉक्टरबाई ते चालवत. तिथे येणाऱ्या बायका पीण्या, दासरहळ्ळी या वस्त्यांतल्या, कारखान्यांतल्या कामगारांच्या. वाढलेली मुलं कमरेवर घेऊन सिटी बसमध्ये चढायच्या. कंडक्टर ओरडायचे. काही बाया दोन-चार महिने यायच्या आणि मग पाठ धरली म्हणून यायच्या बंद व्हायच्या. मूल घरात पडून राहायचं, पाय आणखी आवळायचे. डॉक्टरबाई एकदा अण्णांना म्हणाल्या, "मुलांना घेऊन यायला एखादी गाडी असती तर यातली निम्मी मुलं आधाराने उभी राहिली असती."

अण्णा घरी आले ते हाच विचार करत. जेवताना अक्कांना म्हणाले, "आम्ही रोज फुकटच धावतो. एक दिवस लोकांसाठी धावलो तर?"

अक्का म्हणाल्या, "तुम्ही धावल्यावर लोक पैसे का देतील?"

"नाही दिले तर नाही. धावणं कुठे जातंय?"

पहिल्या वर्षी कारखान्यातले जुने धावणारे, केंद्रातल्या मुलांचे बाप, मी शिकवायचे त्या शाळेतले शिक्षक आणि बघ्यांतून आलेले काही, एवढेच लोक होते. केंद्राच्या फाटकापासून तळ्यापर्यंत आणि परत. अण्णा थोरलीची गाडी घेऊन सगळ्यांत पुढे. अक्का आणि मी फाटकाशी लिंबाचं सरबत आणि उप्पीट घेऊन. बाजारासमोर एका वाहतूक पोलिसाने शिट्टी फुंकून ट्रक थांबवले. लासलगावकडून कांदा घेऊन आलेला एक ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून मोठ्याने स्वतःशीच म्हणाला, "कसला मोर्चा हाय हा सकाळच्या पारी?" मी मराठीत उत्तर दिल्यावर तो उडालाच. "बाई, तुमी इकडं कुठं?" म्हणाला, खाली उतरला, आमच्या मदतीच्या डब्यात पैसे टाकले, आणि चपला घालूनच त्या घोळक्याबरोबर कोपऱ्यापर्यंत पळत गेला. परत आला तेव्हा धापा टाकत हसत होता.

अशी ती दौड. दर वर्षी थोडी माणसं वाढायची. लोक डबा घेऊन बाजारात फिरायचे, हमाल द्यायचे, अडते द्यायचे, चर्चमधून यायचं, मशिदीतून यायचं. काही वर्षांत केंद्राला खरंच एक जुनी व्हॅन मिळाली. ती पहिल्यांदा मुलं घेऊन आली त्या दिवशी डॉक्टरबाई व्हॅनच्या दाराला धरून रडल्या होत्या. मुलं उभी राहिली का? काही राहिली. एक मुलगी कुबड्यांवर चालत शाळेत गेली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते.

मग शहर बदललं. संगणकाच्या कंपन्यांतली मुलंमुली पहाटे धावायला लागली. रंगीत बूट, हाताला घड्याळ. कुणीतरी आमच्या दौडीत आलं, त्याने मित्रांना सांगितलं, आणि एका वर्षी फाटकासमोर इतकी गर्दी झाली की उप्पीट संपून गेलं आणि अक्का रिकामं पातेलं हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्याच गर्दीतून कोरमंगलाचे साहेब आले. मोठमोठे कार्यक्रम भरवून देण्याचा त्यांचा धंदा होता. वय तिशीचं, बोलणं मऊ, वयाने मोठ्या कुणाशीही बोलताना वाकून हात जोडायची सवय. त्यांची कचेरी कोरमंगला भागात, म्हणून आम्ही आपसांत त्यांना कोरमंगलाचे साहेब म्हणायचो, इथेही तेच म्हणते.

डॉक्टरबाईंच्या खोलीत बैठक झाली. साहेब म्हणाले, "अण्णा, तुम्ही जे उभं केलंय त्याला मी हात जोडतो. पण हे गल्लीत राहायला नको. हे साऱ्या बेंगळूरूचं व्हायला हवं. परवानग्या, पोलीस, पाणी, अँब्युलन्स, सगळं आम्ही बघू. तुम्ही फक्त धावा."

अण्णांनी विचारलं, "आणि केंद्र?"

"केंद्र कायम पहिलं. त्यात बदल नाही."

अण्णांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. बाईंचं वय झालेलं, व्यायाम घेणारी माणसं पगार पुरत नाही म्हणून सोडून चाललेली. त्या म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. आणखी किती वर्षं आपण डबे हलवत फिरणार?" अण्णांनाही ते पटलं. त्यांना 'सल्लागार' केलं. एक टोपी दिली. सल्ला मात्र त्यांना कधी कुणी विचारला नाही.

दौडीला इंग्रजी नाव मिळालं. आधी ती शहराच्या मध्यावर गेली. मग पैसे देणाऱ्या कंपन्यांच्या कचेऱ्या जिथे, तिथे गेली, म्हणजे मारतहळ्ळीकडे, रिंग रोडवर. यशवंतपूर राहिलं शहराच्या दुसऱ्या टोकाला. केंद्रातल्या मुलांना व्हॅनमध्ये घालून अंधारातच निघावं लागे. एका वर्षी मुलांना शेवटच्या रेषेजवळ छोटे झेंडे देऊन बसवलं. पाहुणे यायला उशीर झाला. ऊन चढलं, मुलं कोमेजली, एकाला फिट आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता मुलांना सावलीत नेते. तर गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, स्वल्प इरी, जरा थांबा, फोटो झाल्याशिवाय नको." बाई मुलांना घेऊन निघून आल्या. पुढच्या वर्षी केंद्रातून बोलावलं ते फक्त डॉक्टरबाईंना.

त्यानंतर मदत घेणाऱ्या संस्था वाढल्या. वाढू देत, वाईट काय त्यात, असं अण्णा म्हणाले. मग दर वर्षी एक 'विषय' ठरू लागला. एका वर्षी तलाव, एका वर्षी झाडं. झाडांच्या वर्षी केंद्राला कळवण्यात आलं की यंदा आपलं काम विषयात बसत नाही, पुढच्या वर्षी जरूर बघू. डॉक्टरबाईंनी ते मला वाचून दाखवलं आणि चष्मा काढून ठेवला. मी चिडून काहीबाही बोलत होते. त्या म्हणाल्या, "तू ओरडू नकोस. मुलं आत व्यायाम करतायत."

आणि तरीही अण्णा जात राहिले. हे मला कधी समजलं नाही. मी म्हणायचे, "अण्णा, कशाला जाता तिथे? तिथे आपलं काय राहिलंय?" ते म्हणायचे, "थोरलीला आवडतं." ते खरंच होतं. सुरुवातीच्या रेषेवर ढोल वाजायचे, हजारो माणसं एकदम सुटायची, आणि त्यात थोरलीचा आवाज. वर्षातून एकदा तिच्या वाट्याला तेवढी मोठी गोष्ट यायची. आम्ही उरलेलं वर्ष तिला दुसरं काय देत होतो? खिडकी, टीव्ही आणि डोश्याचे तुकडे.

मग एका वर्षी मीही बरोबर गेले. अक्का सरबताचे दिवस संपल्यापासून येत नसत. थोरली तेव्हा वयाने चांगली बाई झाली होती, अण्णांचे केस पांढरे झाले होते. मित्राच्या टेम्पोतून गाडी आणली, थोरलीला बसवलं, पट्टा आवळला. अण्णांनी छातीवर नंबर लावला आणि आम्ही सुरुवातीच्या रेषेजवळच्या कठड्याशी गेलो. तिथे धाकट्याच्या वयाची एक मुलगी उभी होती. तिने हात आडवा धरला.

"अंकल, व्हील्स नॉट अलाउड."

अण्णांना वाटलं, तिला नीट माहीत नसेल. ते कन्नडमध्ये समजावून सांगायला लागले. "अम्मा, आम्ही दर वर्षी धावतो. पहिल्यापासून."

"यंदा नवा नियम आहे अंकल. स्केट्स, बाबागाडी, सायकल, काहीच नाही. दुसऱ्यांना लागू शकतं."

"ही बाबागाडी नाही."

"चाकं आहेत ना?" ती म्हणाली. उद्धट नव्हती. तिला सांगितलं होतं तेवढं ती करत होती.

मी साहेबांना फोन लावला. ते आले, धावतच आले, आणि अण्णांपुढे वाकून हात जोडले. "अण्णा, विम्याच्या लोकांनी घातलेला नियम आहे. माझ्या हातात काही नाही. पण तुम्ही धावा ना! हिला आपण पाहुण्यांच्या मंडपात बसवू. पंखा आहे, ज्यूस आहे, माणूस लक्ष ठेवेल."

अण्णा म्हणाले, "मी एकटा कशाला धावू?"

साहेबांना हा प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "निदान सुरुवातीला तरी उभे राहा. फोटोत तुम्ही हवेत."

तेवढ्यात ढोल वाजायला लागले. थोरलीला ते माहीत होते. तिने मान वर उचलली आणि आवाज सुरू केला. रेषेवरची माणसं सुटली. आमच्या कठड्यापलीकडून ती सगळी गर्दी निघून जात होती, आणि थोरली आवाज काढत होती, वाट बघत होती की आता आपली गाडी हलेल. गाडी हलली नाही. तिचा आवाज हळूहळू बदलला. तो आवाज मी त्याआधी फक्त तिच्या पायाच्या ऑपरेशननंतर ऐकला होता. ती पट्ट्यात अंग फेकायला लागली.

अण्णांनी गाडी वळवली आणि ते कठड्याच्या अलीकडच्या बाजूने, सर्व्हिस रोडवरून धावायला लागले. मी ओरडले, "अण्णा, थांबा!" ते थांबले नाहीत. तो रस्ता बंद नव्हता. बस येत होत्या, दुचाक्या येत होत्या, उलट्या बाजूने डिलिव्हरीची पोरं येत होती. तरी काही अंतर ते गेले. थोरलीचा रडका आवाज थांबला आणि पुन्हा टिटवी सुरू झाली, ते मला मागून ऐकू आलं. मी साडी सावरत मागे पळत होते. एक बस हॉर्न वाजवत अगदी जवळून आली. अण्णांनी गाडी फुटपाथवर घेतली. तिथे गटारावरची फरशी फुटलेली होती. पुढचं चाक आत गेलं, गाडी उलटली, आणि अण्णा तिच्यावर आपटले.

थोरलीची हनुवटी फुटली. अण्णांचा गुडघा वेडावाकडा झाला होता. मी पोचले तेव्हा ते त्या अवस्थेतही पट्टा सोडवायचा प्रयत्न करत होते आणि तिला म्हणत होते, "काही नाही गं पुट्टी, काही नाही गं बाळा." कठड्यापलीकडे लोक धावत होते. काहींनी पाहिलं. एक जण थांबला, कठडा ओलांडून आला आणि त्याने थोरलीला उचललं. त्याने त्या दिवशी आपली दौड सोडली, हे मी विसरत नाही. बाकी गर्दी तशीच पुढे गेली.

अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण पाय पूर्ण वाकेना. त्यांचं धावणं संपलं. साहेब हॉस्पिटलमध्ये फळांची टोपली घेऊन आले. खूप वेळ बसले, डोळ्यांत पाणीही आलं होतं. मी त्यांच्यावर तेव्हा थोडा विश्वास ठेवला. पण पुढच्या वर्षी धावणाऱ्यांना ज्या सूचना गेल्या त्यांत चाकांना मनाई का, याचं कारण दिलेलं होतं: मागच्या वेळी चाकांच्या खुर्चीमुळे अपघात होऊन दोघे जखमी झाले होते.

म्हणजे मनाई केली म्हणून अपघात झाला, आणि आता अपघात झाला म्हणून मनाई होती. तो अपघात त्यांच्या रस्त्यावर झालाच नव्हता. पण हे सांगायचं कुणाला? मला हे कळलं धाकट्याकडून. तो तोवर मारतहळ्ळीच्या एका कंपनीत लागला होता, त्याच्या कंपनीचा संघ दौडीत होता आणि सूचना त्याच्या मोबाइलवर आल्या होत्या. त्याने मला दाखवल्या आणि मग म्हणाला, "आई, मी धावतोय."

मी म्हटलं, "लाज वाटत नाही?"

"सगळी टीम धावतेय. मी नाही म्हटलं तर काय कारण सांगू?"

"खरं कारण सांग."

"तुला सगळ्यात फक्त वाईटच दिसतं," तो म्हणाला.

अण्णा पलंगावर पाय लांब करून पडले होते. ते तिथूनच म्हणाले, "धावू दे त्याला. त्याने काय केलंय? पाय आहेत तोवर धावावं." धाकटा धावला. पदक घेऊन आला आणि ते कपाटात ठेवलं, भिंतीवर लावायची हिंमत त्याला झाली नाही. डॉक्टरबाई त्याच पावसाळ्यात गेल्या. शेडच्या मालकाला जागा हवी होती, ती त्याने घेतली. व्हॅन आधीच भंगारात गेली होती. मुलं आपापल्या घरी गेली आणि घरीच राहिली.

धाकट्याच्या मनाला मात्र हे सगळं लागलं होतं, हे मला उशिरा कळलं. त्याने कंपनीतल्या लोकांना सांगितलं, त्यांनी दौडीवाल्यांकडे चाकांची मनाई उठवायची मागणी केली, बरेच दिवस हे चाललं. शेवटी साहेबांचा मला फोन आला. आवाजात खरा आनंद होता. चाकांच्या खुर्चीवरच्या मुलांसाठी आता वेगळी फेरी ठेवली आहे, अण्णांनी आणि मुलीने यायलाच हवं. धाकट्याचा चेहरा इतका उजळला होता की मला नाही म्हणवेना. अण्णा म्हणाले, "मला ढकलता येईल. हळू जाऊ." ते त्या आठवड्यात रोज काठी बाजूला ठेवून अंगणात फेऱ्या मारत होते.

अक्काही आल्या. आम्ही पोचलो तेव्हा मुख्य दौड संपत आली होती. ही फेरी सगळ्यांत शेवटी, मैदानाच्या आतच, निम्मा फेरा. आमची गाडी दाराशीच ठेवायला लावली, सुरक्षित म्हणून खुर्च्या त्यांच्याच होत्या, पाठीवर कंपनीची खूण छापलेली. थोरलीला त्या खुर्चीत मान टेकवायला जागा नव्हती. अक्कांनी आपली शाल गुंडाळून मागे लावली. अण्णांनी खुर्चीच्या मुठी धरल्या. तेव्हा एक जण आला आणि म्हणाला, "अंकल, तुम्ही नाही. आमचे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक ढकलणार."

अण्णा म्हणाले, "मी तिचा बाप आहे."

"सरी अंकल, पण दोरीच्या बाहेर उभे राहा. इथून छान दिसेल."

अण्णांनी मुठी सोडल्या. त्यांच्या जागी एक हसरी पोरगी आली, पांढरे हातमोजे घातलेली. तिने थोरलीच्या कानाशी वाकून "हाय!" म्हटलं. पाठीमागे रेकॉर्डवरचं गाणं लावलं होतं, ढोलवाले कधीच गेले होते. खुर्च्या निघाल्या. थोरलीने मान मागे वळवायचा प्रयत्न केला. तिची मान वळत नाही, तरी ती वळवत राहिली. ती पोरगी मध्येच थांबली, मोबाइल वर धरून दोघींचा फोटो काढला, आणि पुन्हा निघाली. साऱ्या फेरीत थोरलीच्या घशातून आवाज आला नाही. मंचावरून कुणीतरी आमच्या कुटुंबाला 'प्रेरणा' म्हणत होतं. समोर खुर्च्या आवरणारे कामगार तेवढे ऐकत होते.

फेरी संपल्यावर साहेब आले, वाकले, हात जोडले. "कसं वाटलं अण्णा? शेवटी झालं ना!"

अण्णा नेहमीसारखे काहीतरी बरं बोलणार, असं मला वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही. पण त्याआधी अक्का बोलल्या. आयुष्यात परक्या पुरुषाशी त्या कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. कन्नडमध्ये म्हणाल्या, "साहेब, माझ्या नवऱ्याचा गुडघा गेला, त्याची भरपाई त्याने कुणाकडे मागितली नाही. आता त्याच्याकडून 'बरं वाटलं' असंही वदवून घेणार का?"

साहेबांनी जोडलेले हात खाली घेतले. मग त्यांना कुणीतरी हाक मारली आणि ते गेले. धाकटा लांब उभा होता. तो जवळ आला, थोरलीला उचलून आमच्या गाडीत बसवलं, पट्टा लावला, पण वर बघितलं नाही. त्याने यासाठी किती धडपड केली होती, ते मला माहीत होतं. त्याला काही बोलावं असं मला वाटलं, पण जे तोंडात आलं ते सगळं कडू होतं, म्हणून गिळलं. तो दुचाकीवरून कोरमंगलाला त्याच्या खोलीवर गेला. आम्ही तिघं थोरलीला घेऊन टेम्पोत बसलो.

रविवारचं ऊन होतं, रस्ते पुन्हा उघडले होते आणि अडवून ठेवलेली सगळी वाहनं एकदम सुटल्यामुळे आम्ही प्रत्येक चौकात अडकत होतो. थोरली आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. अण्णा गुडघा दाबत बाहेर बघत होते.

अक्का तिचे केस मागे सारत म्हणाल्या, "देवानं हिला बोलायला दिलं नाही, ते एक बरं केलं."

अण्णांनी मान वळवली नाही. "का?"

"आज घरी जाऊन तिने विचारलं असतं, मुठी का सोडल्यात, तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

 अण्णांनी ड्रायव्हरला जवळच्या हॉटेलशी थांबायला सांगितलं. सकाळपासून कुणीच काही खाल्लं नव्हतं.